एका बाजूचा पत्रव्यवहार

आमच्या सौंसरच्या घरात दाराच्या आतल्या बाजूस भिंतीत एक खिळा होता आणि त्या खिळ्यास वाकविलेली एक लोखंडी तार टांगलेली असे. आलेले पत्र वाचून झाले की त्या तारेत खोवून ठेवावयाचे, अशी घरची रीत. वर्षअखेर तार भरली म्हणजे पत्रे उतरवून गठ्ठा बांधावयाचा आणि तो माळ्यावर टाकावयाचा. तारेवर चढलेले पत्र घरातल्या कोणीही वाचावे. त्यात लपविण्याजोगे काही नाही, हे गृहीतच असे. वर ‘श्री’, मग साष्टांग नमस्कार किंवा अनेक आशीर्वाद, त्यानंतर ‘इकडील सर्व क्षेम’, आणि शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. मधल्या चार ओळींत पाऊसपाणी, संत्र्यांचा बहार, कोणाचे लग्न ठरले व कोणाचे मोडले. मराठी माणसाच्या पत्राची ही चौकट इतकी बळकट आहे की घरात भूकंप झाला तरी तो ‘सर्व क्षेम’ या दोन शब्दांखाली सुखाने गाडला जावा.

वडील गेल्यानंतर वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेस कोणी हात लावला नाही. ते शाळामास्तर होते. शनिवारी जामसावळीच्या मारुतीस जाणारे, मितभाषी व हिशेबी गृहस्थ. त्यांच्यापाशी काही गुपित असेल असे त्यांच्या वैऱ्यासही वाटले नसते. ट्रंक उघडली तेव्हा तीत नोकरीचे कागद, शेताची ऋणपुस्तिका आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली एकेचाळीस पत्रे निघाली. ही पत्रे तारेवर कधीच चढली नव्हती. ती सर्व गोव्याहून, मडगावहून, वडिलांच्या शाळेच्या पत्त्यावर आलेली होती; पहिले १९६८ सालचे, शेवटचे १९९७ सालचे. लिहिणारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या.

आत्या नागपुरास शिकावयास गेली असता तापाने वारली, असे आम्हां भावंडांना लहानपणापासून सांगण्यात आले होते. पत्रांवरून कळले ते निराळेच. १९६३ साली तिने नागपुरात नोकरीस असलेल्या एका परजातीच्या गोमंतकीय गृहस्थाशी विवाह केला, आणि ती वार्ता घरी आली त्या दिवशी आजोबांनी जिवंत मुलीच्या नावाने अंघोळ केली. पहिले पत्र उत्तरादाखल लिहिलेले आहे. म्हणजे वडिलांना नोकरी लागून घराबाहेरचा एक पत्ता हाती येताच, प्रथम पत्र त्यांनीच टाकले असले पाहिजे. पुढे तीस वर्षे बहीण लिहीत राहिली. सुरुवातीच्या पत्रांतली तिची भाषा आमच्या सौंसरची आहे. हळूहळू तीत कोंकणी शब्द उतरू लागतात. मुलांना ती ‘भुरगीं’ म्हणू लागते, आणि शेवटच्या काही पत्रांत तर ‘मी’च्या जागी ‘हांव’ येऊन पुन्हा खोडलेला आहे. गठ्ठ्याच्या तळाशी एक पोस्टकार्ड होते. ते तिच्या मुलाने कोंकणीत लिहिलेले, १९९८ सालचे, कोपरा फाडलेले. असे कार्ड वाचताक्षणी फाडून टाकावयाचे, उंबऱ्याच्या आत आणावयाचे नाही, हा आपला आचार. वडिलांनी ते वीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेविले होते.

आईस विचारले. तिला सर्व ठाऊक होते. ती एवढेच म्हणाली, “जाळू नकोस. पण चारचौघांत वाचूही नकोस.”

आईच्या या दोन वाक्यांत जो पेच आहे, तो आजच्या लेखाचा विषय होय. दिवंगत आईबापांची पत्रे हाती आली असता मुलाने काय करावे? ती वाचण्याचा अधिकार त्यास आहे काय? त्यांत ज्यांचे अपराध दिसतात त्यांना क्षमा करण्याचा अधिकार त्यास पोचतो काय? हा प्रश्न माझ्या एका घरापुरता असता तर तो मासिकाच्या पानांवर मांडण्याचे प्रयोजन नव्हते. तथापि मराठी वाङ्मयात दोन थोर ग्रंथ असे आहेत की ज्यांत याच पेचाचे दोन भिन्न चेहरे दिसतात: धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’. दोन्ही मी पूर्वी वाचलेले होते. ट्रंक उघडल्यानंतर ते पुन्हा वाचले, आणि या वेळी वकिलाच्या डोळ्यांनी वाचले.

मृत मनुष्याच्या लेखास कायद्यात एक चमत्कारिक स्थान आहे. एरवी, जो साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासणीस तोंड देऊ शकत नाही त्याचे म्हणणे न्यायालय ऐकत नाही. परंतु मृताच्या काही विधानांस १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने कलम ३२ अन्वये दार उघडे ठेविले होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने कलम २६ मध्ये ते तसेच उघडे ठेविले आहे. या विधानांपैकी एका प्रकारास विशेष वजन येते: जे विधान करणाराच्या स्वतःच्या हिताविरुद्ध जाते ते. कायदा येथे पैशाच्या व मालकीच्या हिताचा विचार करतो. पण त्यामागचा व्यवहार सर्वत्र सारखा आहे. मनुष्य आपल्या फायद्याचे खोटे बोलतो. आपल्या तोट्याचे खोटे बोलण्याचा खटाटोप सहसा कोणी करीत नाही. आत्मचरित्राच्या परीक्षणास ही कसोटी मला फार उपयोगाची वाटते. लेखकाने स्वतःविरुद्ध काय लिहिले आहे, हे आधी पाहावे. दुसरी कसोटी याहून जुनी आहे. दुसऱ्या पक्षास ऐकून घेतल्यावाचून निकाल देऊ नये.

पहिल्या कसोटीस ‘निवेदन’ किती उतरते ते पाहू. धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि नुकतीच जन्मलेली पहिली मुलगी होती. बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळवावयाचे, एवढा एकच ध्यास त्यांस लागला होता. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, गया, कलकत्ता, असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास पोचले. १९०२ साली तेथे त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात भिक्षू झाले. आणि १९०६ साली चीवर उतरवून ते संसारात परतले. हे सर्व त्यांनी १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

या ग्रंथाची भाषा पाहून आजचा वाचक दचकतो. अलंकार नाही, आवेश नाही, स्वतःविषयी कौतुक नाही. काशीच्या अन्नछत्रातील जेवण, अनवाणी चालणे, आजारपण, मनाची उदासीनता, हे सारे एखाद्या कारकुनाने रोजकीर्द लिहावी तसे लिहिलेले आहे. जगातील मोठमोठ्या पंडितांची ज्यांच्याशी पुढे बरोबरी झाली, हार्वर्ड विद्यापीठाने ज्यांना पुन्हा पुन्हा बोलावले, तो पुरुष आपली फजिती सांगताना आवाजसुद्धा चढवीत नाही. असा साक्षीदार न्यायालयाच्या मनात भरतो. माझ्या मते मराठी आत्मचरित्रांत इतके कोरडे, आणि कोरडे असूनही विश्वासार्ह, गद्य थोडे आहे.

परंतु ज्या एका बाबतीत स्वतःविरुद्ध सर्वांत जड साक्ष द्यावयाची होती, तेथे हा साक्षीदार आखडता हात घेतो. घर सोडण्यामागची तळमळ आपल्याला कळते. ज्या घरात ती सोडून जाण्याची क्रिया घडली त्या घराचे पुढे काय झाले, हे फारसे कळत नाही. बाळाबाईंना या ग्रंथात फार थोडी जागा आहे. तान्ह्या मुलीस घेऊन, पती जिवंत असता पतीवाचून, त्या काळच्या गोव्यातील ब्राह्मणवस्तीत एका तरुण स्त्रीने ती वर्षे कशी काढली असतील? कोणत्या मंगलकार्यास तिला बोलावले गेले आणि कोणत्या कार्यात ती मागल्या दारी बसली? यांची उत्तरे ‘निवेदना’त नाहीत. ग्रंथाचे नावच पाहा. निवेदन करावयाचे ते कोणापुढे तरी करावयाचे असते. धर्मानंदांनी ते लोकांपुढे केले. ज्या एका व्यक्तीपुढे ते प्रथम व्हावयास हवे होते तिच्यापुढे ते झाले की नाही, याचा दाखला ग्रंथात नाही. आणि बाळाबाईंनी आपले निवेदन लिहून ठेविलेले नाही. म्हणून हा खटला, कितीही प्रामाणिक पक्षकाराचा असला तरी, एकतर्फी राहतो.

हे दूषण देताना एक गोष्ट विसरता कामा नये. धर्मानंद परत आले. जो परत येतो त्याने आपल्या हिताविरुद्ध एक मोठे विधान कृतीने केलेलेच असते. १९०७ साली झालेला त्यांचा पुत्र दामोदर पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगास ठाऊक झाला. धर्मानंदांचा अंत आमच्या भागापासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामी, ४ जून १९४७ रोजी, उपवासाने देह क्षीण करीत झाला. ज्याने तारुण्यात घर सोडले त्याने वार्धक्यात देहही तितक्याच शांतपणे सोडला. या शांतपणाविषयी आदर वाटतो. आणि त्याच शांतपणाची किंमत दुसऱ्या कोणी दिली असेल, हा विचारही पाठ सोडीत नाही.

आता दुसरा ग्रंथ. येथे पिंजरा तोच आहे, साक्षीदार बदललेला आहे. जी मागे राहिली तीच येथे बोलते. रेव्हरंड नारायण वामन टिळक नोकरीच्या निमित्ताने आमच्या जुन्या मध्यप्रांतात, नागपूर व राजनांदगाव येथे राहिले होते. १८९३ च्या सुमारास नागपूर-राजनांदगावच्या गाडीत एका अपरिचित गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती ख्रिस्ताचे चरित्र असलेले पुस्तक ठेविले, ही हकीगत प्रसिद्धच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीस विश्वासात न घेता घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या आतल्या, पदरी लहान मूल. नातेवाईकांनी त्यांना पंढरपुरास नेले. विठोबाच्या दारी बसून त्यांनी पतीच्या पत्रांची वाट पाहिली, आणि पत्र आले की त्या रडल्या. पुढे त्या नगरास गेल्या, तेथे सोवळे सांभाळून निराळ्या राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हा शेवट आपल्यापैकी अनेकांस रुचणारा नाही, हे मी जाणतो. पण येथे प्रश्न मताचा नसून साक्षीचा आहे.

‘स्मृतिचित्रे’ कशी लिहिली गेली, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. टिळक १९१९ साली वारले. मुलगा देवदत्त याच्या मनात वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, आणि त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. म्हणजे मुलाने मृत पित्याची ट्रंक उघडली, आणि तीतून जिवंत आई बाहेर आली! चरित्र पित्याचे व्हावयाचे होते. आत्मचरित्र मातेचे झाले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लक्ष्मीबाईंना लिहावयास-वाचावयास टिळकांनीच शिकविले होते. ज्याने अक्षरे हाती दिली त्याच्याविरुद्धची साक्ष त्याच अक्षरांत नोंदली गेली. बाळाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्यात मला जो सर्वांत मोठा फरक दिसतो तो हाच. दुःख दोघींच्याही वाट्यास आले. ते लिहून ठेवण्याचे साधन एकीस पुरेपूर लाभले.

या साक्षीचा गुण कोणता? लक्ष्मीबाई हसतात. टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचा तापटपणा, हातात आलेला पैसा वाटून मोकळे होण्याची त्यांची खोड, यांवर त्या हसतात. आणि तितक्याच मनमोकळेपणाने स्वतःच्या अज्ञानावर, सोवळ्याच्या अट्टाहासावर, रागावर हसतात. आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची कथा त्यांनी प्रारंभीच सांगितली आहे. त्या वेडापायी सारे घर कसे भरडले गेले हे त्या सांगतात, आणि तरीही त्या पित्यास वाचकापुढे गुन्हेगार म्हणून उभा करीत नाहीत. स्वहिताविरुद्धचे विधान पानोपानी असल्यामुळे त्यांच्या साक्षीस तोड नाही. पुष्कळ समीक्षकांनी या विनोदास केवळ स्वभावाचा खेळकरपणा मानले. मला तो क्षमेचा व्यापार वाटतो. ज्याच्यावर आपण दोष ठेवतो त्याच्यावर आपण हसू शकत नाही; आणि ज्यास आपण दोषमुक्त ठरविले त्याच्यावर हसण्याचे कारण उरत नाही. लक्ष्मीबाई या दोहोंच्या मधल्या जागी उभ्या आहेत. अपराध झाला, हे त्या एकदाही नाकारीत नाहीत. तो झाला असूनही हा माणूस माझा आहे, हेही नाकारीत नाहीत. टिळकांनी अपुरे ठेविलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे चालविले, यात या क्षमेचा दुसरा पुरावा आहे. आणि १९३६ साली त्या वारल्यानंतर त्यांच्या अपुऱ्या आठवणींची अखेर मुलाने लावली. घरातील एकाचे अपुरे काम दुसऱ्याने पुरे करावे, यापेक्षा क्षमेची निराळी नोंद कोणत्या दप्तरात असते?

तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे. ‘स्मृतिचित्रां’त टिळक जवळजवळ नेहमी पत्नीच्या नजरेतून दिसतात, त्या निर्णायक दिवसांतील त्यांचे स्वतःचे मन, पत्नीस न सांगण्यामागची भीती की निष्ठुरता, याचा थांग लागत नाही. येथेही एक गठ्ठा आपल्या हाती आहे आणि दुसरा नाही. ‘निवेदना’त गेलेल्याची बाजू आहे, राहिलेलीची नाही, ‘स्मृतिचित्रां’त राहिलेलीची आहे, गेलेल्याची अर्धीच आहे. ही उणीव दोन लेखकांची नसून पत्रव्यवहाराच्या स्वभावाचीच आहे, असे मला आता वाटते. मनुष्याच्या ट्रंकेत त्याला आलेली पत्रे सापडतात. त्याने लिहिलेली नेहमी दुसऱ्याच्या ट्रंकेत असतात. आईबापांची पत्रे वाचून आपण त्यांना ओळखले असे मुलांना वाटते, तेव्हा त्यांनी बहुधा आईबापांशी बोलणाऱ्या माणसास ओळखलेले असते. माझ्याजवळ एकेचाळीस पत्रे आहेत. त्यांत वडिलांचा एकही शब्द नाही.

या दोन ग्रंथांचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ‘स्मृतिचित्रां’ची संपूर्ण आवृत्ती सिद्ध करण्याचे काम लक्ष्मीबाईंचे नातू अशोक टिळक यांनी केले. ‘निवेदन’ इंग्रजीत नेण्याचे व त्याभोवतीची कौटुंबिक शांतता विदुषीच्या निर्भयतेने तपासण्याचे काम धर्मानंदांच्या नात मीरा कोसंबी यांनी केले. त्या २०१५ साली वारल्या. दोन्हीकडे तिसऱ्या पिढीने दप्तर नीट लावले. हे आकस्मिक नसावे. दुसरी पिढी पक्षकार असते. तिने ते दिवस जेवणाच्या पाटावर बसून पाहिलेले असतात. तिसरी पिढी दप्तर वाचू शकते.

येथे कायद्यातील आणखी एका तत्त्वाकडे वळतो. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानीत, आणि न्यायालयेही ते मानीत आली. अपवाद अनैतिक कारणासाठी काढलेल्या कर्जाचा. २००५ च्या दुरुस्तीने हे धार्मिक दायित्व पुढील ऋणांपुरते न्यायालयाच्या कक्षेतून काढून टाकले. पैशाच्या कर्जाविषयी ते योग्यच झाले. पण प्रश्न असा की, पित्याचे ऋण पुत्राकडे येते असे ज्या शास्त्राने मानले, त्याने पित्यास झालेल्या किंवा पित्याने केलेल्या अपराधाची क्षमा पुत्राने परस्पर देऊन टाकावी असे कोठे म्हटले आहे? मला तरी आढळले नाही. ऋण वारशाने येते. क्षमेचा अधिकार वारशाने येत नाही. ज्याच्यावर घाव पडला, क्षमा ही त्याचीच स्वकष्टार्जित मिळकत होय. ती त्याच्याबरोबरच जाते.

पत्रे वाचून भारावलेला मुलगा म्हणतो, ‘मी आजोबांना क्षमा केली.’ हे उदार दिसते, पण विचार करता पोकळ आहे. आजोबांनी अंघोळ केली ती माझ्या नावाने नव्हे. त्यांना क्षमा करावयाची की नाही हे आत्येने ठरवावयाचे होते. तिने ते केले की नाही हे पत्रांवरून सांगता येत नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी ती आजोबांच्या गुडघ्यांची चौकशी करते एवढे खरे. आणि वडिलांनी तीस वर्षे चोरून पत्रे वाचली, पण मडगावची गाडी एकदाही धरली नाही, याची क्षमा मी कोणाच्या वतीने देऊ? मुलाच्या हाती एवढेच आहे की त्याने हे ऋण नाकारू नये, दप्तर दडवू नये, आणि निकाल देण्याची घाई करू नये.

आपल्या परंपरेतील सर्वांत मोठ्या कुटुंबकथेतही हेच दिसते. विठ्ठलपंतांनी विवाहाची गोष्ट झाकून काशीस संन्यास घेतला. सत्य कळताच गुरूंनी त्यांस रुक्मिणीबाईंकडे परत पाठविले. पुढे उभयतांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि चार मुलांस शुद्धिपत्रासाठी पैठणास जावे लागले, असे परंपरा सांगते. त्या मुलांपैकी एकाने शके १२१२ मध्ये गीतेवर टीका सिद्ध केली. तीत आईबापांचा बचाव नाही, त्यांच्यावर ठपका नाही, आणि ज्यांनी वाळीत टाकले त्यांच्याविरुद्ध तक्रारही नाही. शेवटी मागणे मागितले आहे ते दुष्टांचे दुष्टपण जावे एवढेच. ज्यांच्यावर स्वतः घाव पडले त्यांना हे मागण्याचा अधिकार होता. आपण ते म्हणतो तेव्हा उसने घेऊन म्हणतो, याची जाणीव असू द्यावी.

लिहून न ठेविलेल्या गुपिताचे काय होते, याचे उदाहरण आमच्या भागात दरवर्षी पाहावयास मिळते. १९५६ च्या प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून छिंदवाड्यातून निराळा जिल्हाही झाला. पण बाहेरच्या लोकांस पांढुर्णा ठाऊक आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे व दुसऱ्यावर सावरगावचे लोक उभे राहतात. पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते, आणि ते मिळविण्यासाठी दोहोंकडून दगडांचा वर्षाव होतो. माणसे जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. आख्यायिका अशी की पांढुर्ण्याच्या मुलाचे व सावरगावच्या मुलीचे गुप्त प्रेम होते. ती दोघे पळून जात असता नदीत दोहों काठांच्या गोट्यांखाली सापडून मेली. मग दोन्ही गावांस पश्चात्ताप झाला आणि चंडीमातेपुढे त्यांनी तो प्रकट केला. पश्चात्ताप खरा असेल. पण त्या दोघांचे एक पत्र नाही, एक शब्द नाही, नावेही खात्रीने कोणी सांगत नाही. साक्ष उरली नाही, दगड उरले. म्हणून पश्चात्तापाच्या नावाने दरवर्षी पुन्हा तोच अपराध घडतो. ज्या घरात पत्रे जाळून टाकतात त्या घरातही बहुधा असेच काही उरत असावे.

‘स्मृतिचित्रे’ आणि ‘निवेदन’ या ग्रंथांचे खरे मोल मला येथे दिसते. दोन घरांतील गुपिते त्यांनी दगड होऊ दिली नाहीत. एकाने अर्धे सांगितले, दुसरीने बरेचसे सांगितले. आणि जे सांगितले गेले नाही त्याची जागा रिकामी आहे हे तरी वाचकास कळू शकते. रिकामी जागा दिसणे हीसुद्धा साक्षच आहे.

गेल्या पितृपक्षात आमच्याकडे महालय होता. तर्पणाच्या यादीत पित्याच्या बहिणीस स्थान ठरलेले आहे, पतीसह व अपत्यांसह, त्यांतले जे गेले असतील त्यांसह. ज्या आचाराचे नाव घेऊन आजोबांनी तिला घराबाहेर काढले, त्याच आचाराने तिची जागा इतकी वर्षे राखून ठेविली होती. आम्ही दरवर्षी ती गाळून पुढे जात होतो. गुरुजींनी सवयीने ‘आत्या कोणी?’ असे विचारले. मी आईकडे पाहिले. चारचौघांत वाचू नकोस म्हणणाऱ्या आईने, भाऊबंद बसलेले असता, तिचे माहेरचे नाव स्पष्ट उच्चारले. गुरुजी क्षणभर थांबले, आणि त्यांनी पाणी सोडावयास सांगितले. कोणी काही बोलले नाही. याला क्षमा म्हणता येणार नाही. नाव दप्तरात दाखल झाले, इतकेच म्हणता येईल.

हे नियतकालिक मराठी वाचतात तसे कोंकणी वाचकही वाचतात. हा लेख येथे पाठविण्याचे तेच एक कारण आहे. वडिलांची उत्तरे, ती त्यांनी लिहिली असतील तर, मडगावच्या कोठल्यातरी घरी कोणाच्या ट्रंकेत असतील. ती मागण्याचा अधिकार आम्हांस नाही. ती प्रथम त्यांची आहेत. पण कधी कोणास ती उघडून पाहावीशी वाटली, आणि हा गृहस्थ इतके लिहीत होता तर आला का नाही असा प्रश्न पडला, तर दुसरा गठ्ठा येथे सौंसरास नीट ठेविला आहे. कोपरा फाडलेल्या त्या पोस्टकार्डासुद्धा.